दोरीचं दुसरं टोक

काउबॉय म्हटलं की आपल्याला हॅट आठवते, कमरेचं पिस्तूल आठवतं, मावळत्या सूर्याकडे जाणारा एकटा घोडा आठवतो. 'रेड डेड रिडेम्प्शन २' खेळलेल्यांना तबेल्यातलं खोगिरांचं दुकानही आठवेल. तिथे प्रत्येक खोगिरासमोर आकडे असतात. हे घेतलं तर घोडा कमी दमेल, ते घेतलं तर लवकर सावरेल. हिशेब म्हणून ठीक आहे. पण खऱ्या गुराख्याचं खोगीर ज्या प्रश्नावर ठरायचं, तो प्रश्न त्या आकड्यांत कुठेच येत नाही.

तो प्रश्न असा. चारशे किलोचा बैल जीव तोडून पळतोय. तुम्ही घोड्यावरून दोरीचा फास फेकला आणि तो बरोबर त्याच्या शिंगांवर जाऊन बसला. दोरीचं एक टोक आता बैलाकडे आहे. दुसरं टोक कुठे आहे?

जुन्या वळणाचा टेक्सासचा स्वार म्हणेल, 'खोगिराला बांधलेलं आहे. फास टाकायच्या आधीच घट्ट गाठ मारून ठेवलीय.' नेवाडातला स्वार म्हणेल, 'माझ्या हातात आहे. फास बसला की मी ते खोगिराच्या शिंगाभोवती गुंडाळतो, आणि वाटलं तर सोडूनही देतो.'

या दोन उत्तरांतून दोन वेगळी खोगिरं जन्माला आली, दोन वेगळे लगाम आले, घोडा तयार करण्याच्या दोन रीती आल्या. आजही अमेरिकेत 'वेस्टर्न' पद्धतीने घोडा चालवणारा माणूस आपली आवड सांगू लागला, की त्याच्या नकळत तो या दोनांपैकी एका इतिहासाची बाजू घेत असतो.

बसायचं कुणी?

घोड्याचं कूळ मुळात अमेरिकेतलंच. तिथेच ते उत्क्रांत झालं आणि साधारण दहा हजार वर्षांपूर्वी तिथून नाहीसं झालं. घोडा तिथे परत आला तो जहाजातून. १४९३ साली कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर घोडे उतरले, आणि १५१९ मध्ये हर्नान कोर्तेस १६ घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला.

त्या काळच्या स्पेनमध्ये घोड्यावर बसण्याच्या दोन तऱ्हा होत्या. एक चिलखतवाल्या सरदारांची. खोगिराला पुढून-मागून उंच भिंती, पाय लांब आणि सरळ, समोरून भाल्याचा धक्का बसला तरी माणूस खोगिरातच राहावा अशी रचना. दुसरी उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर स्वारांकडून आलेली. रिकिबी आखूड, गुडघे वाकलेले, घोडा हलका आणि चपळ. झेनाता या बर्बर टोळीच्या नावावरून स्पॅनिशमध्ये घोडेस्वारालाच 'हिनेते' म्हणू लागले. अमेरिकेच्या पश्चिमेत पुढे जे खोगीर घडलं, त्यात दोन्हींचा अंश आहे. खोल बैठक आणि लांब पाय पहिल्या तऱ्हेचे, लगामाची नजाकत बरीचशी दुसरीची.

स्पॅनिश राज्यात मूळ रहिवाशांना घोड्यावर बसायला सुरुवातीला बंदी होती. घोडा म्हणजे सत्ता, आणि सत्ता वाटून घ्यायची नव्हती. हा विचार आपल्याला परका नाही. नवरदेव दलित आहे आणि घोड्यावर बसलाय, एवढ्यावरून वरात अडवल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. मेक्सिकोत ही बंदी टिकली नाही आणि त्यामागे उदारपणा नव्हता. मोकळ्या कुरणांत गुरं इतकी वाढली की ती राखायला माणसं पुरेनात. मोठ्या जमीनदारांनी आणि मिशनच्या पाद्र्यांनी मग मूळ रहिवाशांना, मिश्र वंशाच्या लोकांना, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांना घोड्यावर बसवलं. स्पॅनिशमध्ये गाय म्हणजे 'वाका', आणि गाईंमागे जाणारा तो 'वाकेरो'. आपल्या भाषेत गुराखी. जगातला पहिला काउबॉय हा होता, आणि तो इंग्रजी बोलत नव्हता.

शिंग

वाकेरोच्या हातात आधी दोरी नव्हती, लांब दांड्याला चंद्रकोरीसारखं पातं लावलेला भाला होता. पळत्या जनावराच्या मागच्या पायाची शीर त्याने तोडायची. जनावर कोसळलं की कातडं आणि चरबी काढून घ्यायची आणि मांस बऱ्याचदा तिथेच टाकून द्यायचं. या पद्धतीने गुरांची इतकी नासाडी होऊ लागली की शेवटी त्या भाल्यावर बंदी घालावी लागली. मग दोरी आली.

दोरी आल्यावर खरं घोडं पेंड खायला लागलं. जनावर पकडलं, पण त्याला अडवायचं कशाच्या जोरावर? माणसाच्या हातात तेवढी ताकद नाही, ती घोड्याच्या अंगात आहे. त्यामुळे सुरुवातीला दोरीचं दुसरं टोक घोड्याच्या शेपटीला किंवा तंगाला बांधत. शेपटीला बांधलेल्या दोरीने बैल ओढायचा, म्हणजे घोड्याची काय अवस्था होत असेल! हळूहळू मेक्सिकोच्या कारागिरांनी खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर एक खुंट काढला. त्याचं नाव 'हॉर्न', म्हणजे शिंग. १९ व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मेक्सिकन खोगिराची ती ओळखच झाली होती.

सिनेमात नवखा स्वार हे शिंग घट्ट धरून बसलेला दिसतो, त्यामुळे ते आधाराची मूठ असावी असं वाटतं. ते मुळात दोरीसाठी आहे, आणि ते आलं की बाकीचं खोगीर बदलावंच लागतं. खुंट जर बैलाचा झटका घेणार असेल तर तो नुसत्या गादीवर उभा राहू शकत नाही, त्याला खाली सांगाडा लागतो. या सांगाड्याला 'ट्री', म्हणजे झाड म्हणतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन लाकडी पट्ट्या, त्यांना पुढून जोडणारी कमान, मागून टेकण, आणि कमानीवर शिंग. या सगळ्याला ओलं कच्चं कातडं शिवून वाळवायचं. वाळताना कातडं आकसतं आणि लाकूड आवळून धरतं. स्वाराचं वजन त्या दोन पट्ट्यांवरून घोड्याच्या पाठीवर पसरतं आणि कणा मोकळा राहतो. सारखंच वजन जास्त जागेवर पसरलं की दाब कमी होतो, हे शाळेतलं गणित. दिवसाचे दहा-बारा तास घोड्यावर काढायचे असतील तर या गणितावर घोड्याची पाठ शाबूत राहते की सोलून निघते, ते ठरतं.

गुंडाळणारे

१७६९ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी सॅन दिएगोला पहिलं मिशन उभारलं, आणि १८२३ पर्यंत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत अशी २१ मिशनं झाली. तिथला व्यापार म्हणजे कातडी आणि चरबी. बॉस्टनहून जहाजं यायची, कातडी भरून न्यायची. या कातड्यांना गमतीने 'कॅलिफोर्नियाच्या नोटा' म्हणत. रिचर्ड हेन्री डेना नावाचा तरुण अशाच एका जहाजावर खलाशी होता. १८४० साली आलेल्या त्याच्या 'टू इयर्स बिफोर द मास्ट' या पुस्तकात या व्यापाराचं आणि तिथल्या अफाट घोडेस्वारीचं वर्णन आहे.

जिथे कातडं मुबलक, तिथे दोरीही कातड्याचीच. कच्च्या कातड्याच्या पट्ट्या वेणीसारख्या विणून 'रिआटा' करत. ६० ते ८० फूट लांब, कधी त्याहूनही जास्त. उघड्या कुरणात एवढ्या लांबून फास टाकता येतो. पण रिआटाचा एक दोष आहे. अचानक झटका बसला तर ती तुटते. मग तिला शिंगाला गाठ मारून कसं चालेल? म्हणून वाकेरो ती शिंगाभोवती गुंडाळायचा आणि थोडी थोडी घसरू द्यायचा. झटका एका क्षणात बसण्याऐवजी काही क्षणांत विभागला जायचा. 'वळसा दे' याला स्पॅनिशमध्ये 'दार ला व्वेल्ता'. इंग्रजी कानांनी त्याचं 'डॅली' केलं. आज जगभर दोरी गुंडाळण्याला हाच शब्द आहे.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी घर्षणाच्या धड्यात खुंटाभोवती गुंडाळलेल्या दोराचं एक सूत्र शिकवतात. बंदरात नावाडी जाड दोराने जहाज धरून ठेवतो, ते त्याचं नेहमीचं उदाहरण. घर्षणांक ०.३ धरला, तर एका वळशाला हातातली ओढ साधारण साडेसहा पटींनी वाढते. दोन वळशांना ती सुमारे ४३ पट होते. म्हणजे हातात दहा किलोचा जोर असेल तर दुसऱ्या टोकाला चारशे किलोंहून जास्त ओढ तोलता येते. वाकेरोला सूत्र ठाऊक नव्हतं, पण त्याचं शिंग उंच होतं, अनेक वळसे बसतील असं. दोर घसरताना त्यातून धूर निघतो असं जुने स्वार सांगतात, ते याच घर्षणामुळे.

झटका असा सौम्य होत असल्याने खोगिरावरचा ताणही कमी. त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या खोगिराला मध्यभागी एकच तंग पुरायचा. खोगीर सडपातळ, पुढचा भाग अरुंद. १८७० च्या सुमारास व्हिसेलिया गावातल्या हुआन मार्तारेल या खोगीरकाराचा धंदा डेव्हिड वॉकरकडे गेला. पुढे 'व्हिसेलिया' हे नाव या तऱ्हेच्या खोगिरांचा जणू शिक्काच बनलं.

बांधणारे

टेक्सासचं दक्षिण टोक म्हणजे काटेरी झुडपांचं रान. आपल्या वेड्या बाभळीचे भाऊबंद असलेली मेस्किट झाडं, निवडुंग, अंगात घुसणारे काटे. इथे ८० फुटांची दोरी फिरवायला जागाच नाही. दोरी आखूड, तीसेक फुटांची, आणि पुढे बहुधा तागासारख्या धाग्यांची, जी झटका सोसते. झुडपातून पळणारा लांब शिंगांचा बैल एकदा निसटला की पुन्हा दिसत नाही. वळसे घ्यायला वेळ नाही, एका फांदीने हातातली दोरी सुटू शकते. म्हणून टेक्सासचा स्वार टोक आधीच शिंगाला बांधून टाकतो.

गाठ पक्की असेल तर झटका सगळाच्या सगळा खोगिरावर येतो. शिंग घोड्याच्या पाठीपासून वीतभर तरी उंच. तिथे पुढच्या बाजूने जोराची ओढ बसली की खोगीर पुढच्या तंगाभोवती फिरू पाहतं, आणि मागचा भाग स्वारासकट वर उचलला जातो. त्याला खाली धरून ठेवायला मागे दुसरा तंग लागतो. टेक्सासच्या खोगिराला दोन तंग असतात ते यामुळे. शिंग ठेंगणं आणि मजबूत, कारण खुंट जितका उंच तितकी तरफ मोठी. कातडं जाड. पायांवर काट्यांपासून वाचवणारे चामडी 'चॅप्स', रिकिबीला पुढून कातड्याचं झाकण.

एक तंग की दोन, शिंग उंच की ठेंगणं, खोगीर हलकं की भारी, हे सगळं दोरीचं दुसरं टोक कुठे आहे यावरून ठरतं. ते टोक कुठे असावं हे दोरी कशाची आहे यावरून ठरतं, आणि दोरी कशाची हे तिथे काय उगवतं आणि गुरं कुठे लपतात यावरून.

दोन्ही बाजू एकमेकांना वेड्यात काढतात. बांधणारा म्हणतो, गुंडाळणाऱ्यांचे अंगठे मोजून बघा. खरंच आहे. दोरी आणि शिंग यांच्यामध्ये अंगठा सापडला की तो जातो, आणि असे अंगठे गमावलेले स्वार आजही भेटतात. गुंडाळणारा म्हणतो, माझा अंगठा जाईल, तुझा जीव जाईल. तेही खरं आहे. घोडा अडखळून पडला आणि बैल दोरीच्या दुसऱ्या टोकाला अजून पळतोय, तेव्हा गाठ सुटत नसते.

तोंडातलं लोखंड

लगामाची गोष्टही याच दोन वाटांनी जाते.

कॅलिफोर्नियाच्या रीतीत तरुण घोड्याच्या तोंडात आधी लोखंड घालतच नसत. नाकावर कच्च्या कातड्याचं विणलेलं कडं, त्याला केसांची दोरी. याला इंग्रजीत 'हॅकमोर' म्हणतात. या कड्यावर घोडा वळायला, थांबायला, मागे सरायला शिकायचा. मग काही काळ दोन लगाम एकाच वेळी, एक नाकावरचा, एक तोंडातला. शेवटी नाकावरचं कडं निघायचं आणि तोंडात 'स्पेड' नावाचं लोखंड राहायचं. यात सारी मिळून कित्येक वर्षं जात.

स्पेड पाहिलं की अंगावर काटा येतो. जिभेवरून टाळूकडे जाणारी चमच्यासारखी उभी पट्टी. अडाणी हातात ते छळाचं हत्यार आहे. पण ज्या घोड्याला वर्षानुवर्षं तयार केलंय, त्याला लगाम ओढावाच लागत नाही. सैल लगामाच्या वजनातला फरकही त्याला पुरतो. म्हणून ते लोखंड घोड्यापेक्षा स्वाराची परीक्षा घेतं.

टेक्सासच्या रीतीला एवढा वेळ नव्हता. यादवी युद्ध १८६५ ला संपलं तेव्हा टेक्सासच्या रानात लाखो गुरं मोकाट होती आणि उत्तरेच्या शहरांना मांस हवं होतं. १८६७ मध्ये कॅन्सासातल्या ॲबिलीनला रेल्वेपाशी गुरांचा बाजार सुरू झाला आणि टेक्सासहून कळपच्या कळप निघाले. कित्येक आठवड्यांची वाट, प्रत्येक स्वारामागे अनेक घोडे. हे घोडे काही दिवसांत बसण्यापुरते वठणीवर आणायचे आणि कामाला लावायचे. लगाम साधा, त्याच्या दोन पट्ट्या सुट्या. स्वार खाली उतरला की त्या जमिनीवर सोडायच्या, घोडा तिथेच उभा राहायला शिकलेला. एका रीतीत सवड होती आणि मिशनमधल्या मूळ रहिवाशांचे सक्तीचे कष्ट होते, दुसरीत घाई होती आणि मजुरीवरचे तरुण होते. त्यांच्या लगामांतही हा फरक दिसतो.

हे मजुरीवरचे तरुण कोण होते, हेही सिनेमाने नीट सांगितलं नाही. इतिहासकारांच्या अंदाजाने चौघांतला एक काउबॉय कृष्णवर्णीय होता. त्यांतले काही काल-परवापर्यंत गुलाम होते. मेक्सिकन वाकेरोही मोठ्या संख्येने होते. हवाई बेटांवरही १८३० च्या दशकात वाकेरोंना गुरं राखायला शिकवण्यासाठी नेलं गेलं. तिथे 'एस्पान्योल'चं 'पानिओलो' झालं. १९०८ मध्ये वायोमिंगच्या शायेनला बैलाला फास टाकण्याची मोठी स्पर्धा झाली, तेव्हा ती जिंकणारा इकुआ पर्डी हा हवाईचा पानिओलो होता.

घोडा सरकारी, खोगीर स्वतःचं

मराठेशाहीत दोन तऱ्हेचे स्वार होते, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन यायचा. काउबॉय हा अर्धा बारगीर आणि अर्धा शिलेदार. घोडे मालकाचे, कळपातून दिवसाला एखादा मिळणार. खोगीर मात्र त्याचं स्वतःचं. महिन्याचा पगार तीसेक डॉलर असताना चांगल्या खोगिराला महिन्याभराहून जास्तीची कमाई जायची. ते त्याचं घर, रात्रीची उशी, आणि त्याची एकमेव मालमत्ता. 'त्याने खोगीर विकलं' या वाक्याचा अर्थ पश्चिमेत असा होता की त्या माणसाचं सगळं संपलं.

घोडा आणि खोगीर वेगळे असण्याचा हिशेब पोनी एक्स्प्रेसने सर्वांत हुशारीने वापरला. एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ अशी जेमतेम दीड वर्षं चाललेली ही टपालसेवा मिझुरीतल्या सेंट जोसेफहून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला साधारण दहा दिवसांत पत्रं पोचवायची. पत्रं असायची 'मोचिला'मध्ये. मेक्सिकन खोगिरावर टाकायचं हे कातडी आच्छादन, त्याला चार कप्पे. ठाण्यावर घोडा बदलताना खोगीर सोडायचं नाही, फक्त मोचिला उचलून नव्या घोड्याच्या खोगिरावर टाकायची आणि निघायचं. फोन बदलताना आपण सिमकार्ड काढून दुसऱ्यात घालतो, तसंच.

शब्द कुणाच्या पाठीवर आले

वेस्टर्न घोडेस्वारीचे इंग्रजी शब्द तपासले की मालक कोण आणि गुरू कोण, हे लगेच कळतं. लॅसो म्हणजे 'लासो', लॅरिएट म्हणजे 'ला रिआटा', सिंच म्हणजे 'सिंचा', चॅप्स म्हणजे 'चापारेरास'. नेवाडाचा 'बकरू' हा वाकेरोच. केसांच्या दोरीला तिथे 'मकार्टी' म्हणतात. हे आयरिश आडनाव नाही. तो 'मेकाते' आहे, आणि मेकाते मेक्सिकोच्या मूळ नावाट्ल भाषेतला आहे. हॅकमोर हा स्पॅनिश 'हाकिमा', आणि हाकिमा अरबी 'शकीमा'पासून आला.

आपलंही तेच आहे. लगाम, जीन, तंग फारसीतून आले, रिकीब अरबी 'रिकाब'वरून. घोड्यावर बसायला ज्याने शिकवलं त्याचे शब्द जिभेवर राहतात. मात्र पायाला आधार देण्याची कल्पना इथे जुनी आहे. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यांत आणि सांचीच्या तोरणांवर, इसवी सनापूर्वीच्या शिल्पांत, स्वारांची पावलं पट्ट्यात अडकवलेली दिसतात. रिकिबीचा इतिहास सांगताना अभ्यासक चीनमधल्या इसवी सन ३०२ च्या थडग्यातल्या घोडेस्वाराच्या मातीच्या मूर्तीबरोबर या शिल्पांचाही उल्लेख करतात.

शब्द टिकतात, पण माणसं टिकतातच असं नाही. १८४८ मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला. १८५१ च्या कायद्याने तिथल्या जुन्या स्पॅनिश-मेक्सिकन जमीनदारांना आपली मालकी सिद्ध करायला लावली. खटले वर्षानुवर्षं चालले, वकिलांच्या फीमध्ये जमिनी गेल्या. १८६२ ते १८६४ च्या दुष्काळात गुरं मेली. ती रीत मात्र वाकेरोंबरोबर उत्तरेला सरकली. १८७२ मध्ये पीटर फ्रेंच कॅलिफोर्नियाहून कळप घेऊन ऑरेगनच्या हार्नी खोऱ्यात गेला, तेव्हा गुरं हाकणारे वाकेरोच होते. आज त्या पट्ट्यात लांब दोरी, एका तंगाचं खोगीर आणि हॅकमोर टिकून आहे. ज्यांनी ती रीत घडवली त्यांच्या जमिनी गेल्या, मुलखाचे मालक बदलले, आणि नव्या मालकांच्या मुलांना ती आपली परंपरा वाटते. ती त्यांचीही आहे, यात खोटं काही नाही. पण हिशेब मांडताना पहिलं नाव गाळायचं नसतं.

कुंपणानंतर

१८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं. १८८६-८७ च्या भयानक हिवाळ्यात उत्तरेच्या कुरणांत गुरांचे कळप बर्फात गारठून मेले. मोकळ्या रानाचा काळ संपला. काम आटलं आणि खेळ वाढला. १८८३ पासून बफेलो बिलचा 'वाइल्ड वेस्ट' गावोगावी फिरत होता. १८९७ ला शायेनचा आणि १९१० ला ऑरेगनमधल्या पेंडल्टनचा रोडिओ सुरू झाला.

खेळ आला की खोगीर खेळासारखं होतं. उधळणाऱ्या घोड्यावर टिकून राहायला स्वार मांड्यांवर अडकतील असे फुगीर पुढे असलेली खोगिरं आणू लागले. त्यांना 'अस्वलाचा सापळा' म्हणत, कारण त्यातून पडणंही अवघड आणि सुटणंही. घोडा उलटला तर माणूस खाली अडकायचा. शिवाय ही कसली स्पर्धा, ज्यात निम्मं काम सुताराने करून ठेवलंय? १९१९-२० च्या सुमारास मोठ्या रोडिओंच्या समित्यांनी एकच नमुना ठरवला. स्पर्धा स्वारांत व्हावी, खोगिरांत नाही.

त्यानंतर फाटे फुटतच गेले. १९४८ मध्ये टेक्सासातल्या स्त्रियांनी स्वतःची रोडिओ संघटना काढली. त्यांच्या पिंपांभोवतीच्या शर्यतीसाठी हलकं खोगीर आलं, बैठक खोल आणि शिंग उंच, वळणावर हाताने धरायला. कळपातून एक जनावर वेगळं काढण्याच्या खेळात बैठक सपाट असते आणि शिंग बारीक. फास टाकणाऱ्यांचं खोगीर २० किलोंच्या आसपास, शिंग जाड, त्यावर टायरच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, म्हणजे कमी वळशांत दोरी धरते. तेच घर्षणाचं सूत्र.

आज खोगीर घेणाऱ्यासमोर लाकडी सांगाडा की फायबरग्लासचा, कातडं की नायलॉन, असे पर्याय असतात. बैठकीचं माप इंचांत असतं, १५, साडेपंधरा, १६. हे माप स्वाराचं. घोड्याचं माप सांगाड्याच्या पट्ट्यांमधल्या अंतरात आणि कोनात असतं, आणि ते कातड्याखाली लपलेलं असल्याने नवखा गिऱ्हाईक बहुतेक वेळा आपलंच माप बघून खोगीर घेतो. सांगाडा अरुंद असेल तर खांद्यांमागे दाब येतो. त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात, आणि ते डाग जाणकाराला न विचारताच सगळं सांगतात. अनुभवी स्वार म्हणून आधी घोड्याच्या पाठीवर नुसतं खोगीर ठेवून बघतात, हात खाली घालून चाचपतात, आणि मगच त्यावर बसतात.

मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द आपण रोज वापरतो. निबंधातली, सभेतली, मंत्रिमंडळातली खोगीरभरती. खोगिरात भरलेला काथ्या-चिंध्यांचा ऐवज, म्हणजे निरुपयोगी माल, असा तो अर्थ. घोड्याला विचारलं असतं तर त्याने वेगळा अर्थ सांगितला असता. त्या भरतीनेच त्याची पाठ वाचायची.

टोकाचा वाद अजून मिटलेला नाही. दोघा स्वारांनी मिळून बैल पकडण्याच्या स्पर्धेत दोरी गुंडाळतात, वासराला फास टाकण्याच्या स्पर्धेत ती बांधलेली असते. म्हणजे एकाच मैदानावर, एकाच दुपारी, कॅलिफोर्निया आणि टेक्सास दोन्ही दिसतात. आणि दोरी गुंडाळायला शिकणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी शिंगाची उंची, घर्षण, वाकेरो, यातलं काहीच सांगत नाहीत. एवढंच सांगतात, की वळसा घेताना अंगठा वर ठेव.